कुठले मोरे? : जावळी ते चवदार तळे, एका आडनावाचा प्रवास

१/ महाड-पोलादपूरच्या मुलखात ‘मोरे’ असे आडनाव सांगितले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : ‘कुठले मोरे?’ वरकरणी विचारलेले असते गाव. पुष्कळदा जाणून घ्यायची असते जात. या दोन शब्दांच्या प्रश्नाला इतिहास काय उत्तर देतो, ते या धाग्यात पाहू. 🧵

२/ सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘मोरे म्हणजे मौर्य’. भाषेच्या दृष्टीने ते अशक्य नाही. संस्कृत ‘मौर्य’चे पाली रूप ‘मोरिय’. तेथून ‘मोरे’ फार दूर नाही. परंतु संस्कृत ‘मयूर’चा मराठीत ‘मोर’ झाला आणि त्यावरूनही ‘मोरे’ सिद्ध होऊ शकते. मोरपिसाचे देवक मानणारी मोरे घराणी या दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवतात.

३/ गंमत अशी की या दोन्ही वाटा मागे जाऊन पुन्हा एकत्र येतात. हेमचंद्राच्या ‘परिशिष्टपर्व’ या जैन ग्रंथात चंद्रगुप्त मौर्याचे आजोळ मोर पाळणाऱ्यांच्या गावी असल्याची कथा आहे. म्हणजे खुद्द मौर्यांचे नावही परंपरेने मोराशीच जोडले. व्युत्पत्ती येथे रस्ता दाखवते. त्या रस्त्याने कोण चालत आले, हे मात्र ती सांगू शकत नाही.

४/ कोकणात मौर्य होते, हे निश्चित. इ. स. ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखात कवी रविकीर्तीने चालुक्य सम्राट दुसऱ्या पुलकेशीचे विजय वर्णिले आहेत. त्यात कोकणातील मौर्यांचा पराभव आणि पश्चिम समुद्रावरील पुरी या नगरीवर नौकांनिशी झालेली स्वारी यांचा उल्लेख येतो.

५/ तथापि ऐहोळेचा शिलालेख आणि जावळीचे मोरे यांच्यामध्ये कित्येक शतकांचे अंतर आहे. ते अंतर पिढी दर पिढी सांधणारी अखंड कागदोपत्री वंशावळ उपलब्ध नाही. नामसाम्य हा शोधाचा आरंभ असतो. त्यालाच शोधाचा शेवट मानले की इतिहासाची जागा अभिमान घेतो.

६/ आता जावळी. महाबळेश्वरच्या पश्चिमेस, दाट अरण्याचा आणि अवघड घाटांचा हा मुलूख आदिलशाहीच्या काळात मोऱ्यांच्या ताब्यात होता. महाडकडचे शिवथर खोरे याच घराण्याच्या सत्तेखाली होते. पोलादपूर तालुक्यात ढवळे गावाजवळचा चंद्रगड आजही मोऱ्यांच्या नावाशी जोडला जातो.

७/ या घराण्याच्या प्रमुखाला ‘चंद्रराव’ म्हणत. हे व्यक्तीचे नाव नव्हे, किताब होता. गादीवर येणारा प्रत्येक पुरुष चंद्रराव होई. त्यामुळे बखरी वाचताना एकच चंद्रराव पिढ्यानपिढ्या जगत असल्याचा भास होतो. येथे किताब गादीचा आणि ‘मोरे’ हे नाव कुळाचे, असे दोन थर स्पष्ट दिसतात.

८/ १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी जिंकली. चंद्ररावाने ज्या रायरीचा आश्रय घेतला होता, तीही स्वराज्यात आली. तोच पुढे रायगड. १६७४ चा राज्याभिषेक तेथेच झाला. चंद्रराव हा किताब गादीसह इतिहासात विरला. मोरे हे नाव मात्र टिकले, कारण ते केवळ त्या गादीचे नव्हतेच.

९/ याची साक्ष महाडच्याच आणखी एका मोऱ्यांच्या चरित्रात आहे. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजेच कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३, गाव महाडनजीकचे लाडवली, जात महार. आडनाव तेच, जे रायरीवर आश्रय घेणाऱ्या चंद्ररावाचे होते. परंतु महाडच्या चवदार तळ्याचे पाणी भरण्याची त्यांच्या समाजाला मुभा नव्हती.

१०/ १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात बोले ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती घडवून आणणाऱ्या प्रमुख कार्यकर्त्यांत आर. बी. मोरे होते.

११/ २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांच्यामागून हजारो जण प्यायले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला आणि पुढे तळ्याच्या ‘शुद्धी’चा विधीही झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे बाबासाहेबांचे मूळ कुळनाम सकपाळ. तेही मराठा आणि महार अशा दोन्ही समाजांत आढळते. ‘आंबेडकर’ हे नाव गावाशी निगडित.

१२/ जाधव, पवार, शिंदे, गायकवाड यांचेही असेच. गावगाड्यात रोजच्या व्यवहाराला स्वतःचे आणि बापाचे नाव पुरे. पुढे शाळेचा दाखला, पलटणीची नोंद, सातबारा आणि गिरणीची हजेरी यांनी आडनाव कायमचे चिकटवले. ‘पुढे काय लिहू?’ असे कारकुनाने विचारले, की कोणी कुळ सांगितले, कोणी गाव, कोणी हुद्दा. त्या रकान्यात जे पडले, ते नातवंडांचे आडनाव झाले.

१३/ हे केवळ आपल्याकडचे नव्हे. इटालियन भाषेत ‘कोलंबो’ म्हणजे कबुतर. जिनोआच्या क्रिस्तोफर कोलंबसाचे आडनाव हेच. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाच्या चिन्हावर कबुतर होते. म्हणून तेथे सोडलेल्या अनाथ बालकांनाही दीर्घकाळ ‘कोलंबो’ हेच आडनाव दिले जाई. पक्षी एक, आडनाव एक. पण रक्ताचे नाते गृहीत धरता येत नाही.

१४/ मग ‘कुठले मोरे?’ एक मोरे रायरीच्या आश्रयाला गेले, दुसरे मोरे पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. रायगड आणि चवदार तळे एकाच महाड तालुक्यात आहेत. आडनाव रक्ताची ग्वाही देत असते, तर त्याच तळ्यावर एका मोऱ्याला पाणी आणि दुसऱ्याला मज्जाव, हे घडले नसते. आडनाव पुरेसे नव्हते, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारावा लागला.

१५/ १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळ्याचा निवाडा अस्पृश्यांच्या बाजूने दिला. आता कोणी कोणालाही तेथे आडनाव विचारू शकत नाही. ‘कुठले मोरे?’ हा प्रश्न मात्र एसटीत, लग्नाच्या बोलणीत, नव्या ओळखीत अजून विचारला जातो. त्याला इतिहासाला धरून एक उत्तर देता येईल : महाडचे. पुढे काही विचारायचे असेल, तर ते का विचारायचे आहे, हे आधी विचारणाऱ्याने सांगावे.