कबुलीजबाब

एखादा आरोपी ‘पुराव्याच्या अभावीं’ सुटल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, कीं आमच्या बैठकींत कोणी ना कोणी सुस्कारा टाकतोच. “अहो, त्यानें पोलिसांजवळ स्वतःच्या तोंडानें कबूल केलें होतें; आणखी काय पाहिजे या न्यायाधीशांना?” एके काळीं आम्हीही याच सुरांत बोलत असूं. तो सूर कां बदलला, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

हिंदुस्थानांत पुराव्याचा कायदा १८७२ सालीं झाला. तो रचणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत कायद्याचे सभासद होते. त्यांनीं विखुरलेले नियम १६७ कलमांत बांधले, आणि दीडशें वर्षें कोर्टांचें काम त्यांवर चाललें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला आहे. कलमांचे आंकडे बदलले, परंतु आंतला गाभा बहुतांशीं तोच राहिला.

पुरावा आंत घेणें हें जितकें या कायद्याचें काम, तितकेंच कांहीं पुरावा उंबरठ्याबाहेर ठेवणें हेंही आहे. आपल्या बोलण्यांतला ‘म्हणे’ हा शब्दच घ्या. ‘तो रात्रीं तिकडे गेला होता म्हणे,’ एवढ्यावर आपल्याकडे माणसाची अब्रू जाते. कोर्टांत हा ‘म्हणे’ सहसा चालत नाहीं. पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानें आणि ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्यानेंच येऊन सांगितली पाहिजे. कारण समोर उभ्या असलेल्या माणसाची उलटतपासणी घेतां येते, गैरहजर माणसाची घेतां येत नाहीं. डोळा आणि कान यांत चार बोटांचें अंतर असतें, हें आपल्या वडीलधाऱ्यांचें म्हणणें कायद्यानेंही मानलें आहे. यालाही अपवाद आहेतच. मरण पावलेल्या माणसानें आपल्या मृत्यूच्या कारणाविषयीं जें सांगून ठेविलें असेल, तें पुराव्यांत येतें. कारण त्याला साक्षीस बोलावणें आतां कोणाच्याच हातीं उरलेलें नसतें.

परंतु सर्वांत कडक नियम कबुलीजबाबाचा. पोलिस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं. हा नियम १८७२ हूनही जुना; १८६१ च्या फौजदारी कामकाजाच्या कायद्यांत तो आलेला होता. त्याचें कारण उघड आहे. उन्हातान्हांत हिंडून पुरावा शोधण्यापेक्षां हातीं सांपडलेल्या माणसाला पिळून कबुली काढणें सोपें. मॅजिस्ट्रेटापुढें कबुली देतां येते. पण ‘कबुली देण्याचें तुझ्यावर बंधन नाहीं, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध पुरावा होऊं शकेल,’ असें त्यानें आधीं बजाविलें पाहिजे. शिवाय, ज्याच्या हातीं सत्ता आहे अशानें धाक, लालूच किंवा वचन देऊन मिळविलेली कबुलीही बाद. यांतली धाकाची गोष्ट आम्हांस प्रथमपासून पटे. वचनाची मात्र पटत नसे. गोड बोलल्यानें कोणी न केलेला गुन्हा कबूल करील काय?

याचें उत्तर आमच्याच घरांत मिळालें. त्याला आतां तीसेक वर्षें झालीं. आईच्या पाटल्या दिसेनाशा झाल्या. घरांत परका असा एकच. आमच्याकडे चार वर्षें कामास असलेला गडी. वडील नुकतेच वारलेले, म्हणून घरधनीपण आमच्याकडे आलेलें, आणि तें मिरविण्याची हौसही होती. आम्हीं त्याला माजघरांत बसविलें. हात उगारला नाहीं कीं आवाज चढविला नाहीं. “खरें सांग, कबूल केलेंस तर पोलिसांत देणार नाहीं,” एवढेंच पुनःपुन्हां म्हणालों. दिवेलागणीपर्यंत तो नाहीं म्हणत होता. मग खालीं पाहून म्हणाला, “घेतल्या.”

आम्हांस विजय झाल्यासारखें वाटलें. रात्रीं आमचे मामा आले. ते वकील. सर्व ऐकून त्यांनीं एकच प्रश्न केला, “मग पाटल्या कुठें आहेत?”

त्या प्रश्नांतलें मर्म आम्हांस पुढें कळलें. पोलिसांजवळच्या कबुलीसाठीं कायद्यानें एक अरुंद वाट ठेविली आहे. कोठडींतल्या आरोपीनें सांगितल्यावरून एखादी वस्तु खरोखर सांपडली, तर त्या शोधाशीं निगडित तेवढेंच त्याचें बोलणें आंत येतें. पुलुकुरी कोट्टय्या यांच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें १९४६ सालीं ही वाट नीट आंखून दिली: ‘छपरांत लपविलेला सुरा काढून देतों,’ एवढें चालेल, ‘त्यानें मीं अमक्याला भोसकलें,’ हें चालणार नाहीं. शब्दाच्या पाठीशीं वस्तु उभी असेल, तेवढ्याच शब्दावर विश्वास.

आमच्या गड्यानें प्रथम तुळशीवृंदावनामागची जागा दाखविली. तेथें कांहीं नव्हतें. मग गोठ्याचें नांव घेतलें, मग कोणा सोनाराचें. मामा म्हणाले, “अरे, तो चोरी सांगत नाहीं, तुला हवें तें सांगतो आहे.” आम्हीं ऐकलें नाहीं. पोलिसांत न देण्याचें वचन पाळलें, आणि त्याला काढून टाकलें.

दिवाळीच्या साफसफाईंत तांदळाच्या डब्याच्या तळाशीं पाटल्या निघाल्या. मावशीकडे लग्नास जातांना आईनेंच त्या तेथें ठेविल्या होत्या.

आम्ही त्याच्या गांवीं गेलों. त्यानें घोंगडी अंथरली, पाणी दिलें. क्षमा मागून आम्हीं विचारलें, “पण तूं कबूल कां केलेंस?”

“तुम्हीच म्हणालां, दादा, कबूल केलें तर सोडतों. घरीं म्हातारी आजारी होती. मला घरीं जायचें होतें.”

राहिलेला पगार त्यानें मोजून घेतला, वरचे पैसे परत केले. कामावर परत ये म्हटलें, तेव्हां हात जोडून नको म्हणाला.

हे नियम गुन्हेगाराच्या सोयीसाठीं केले आहेत असें आम्ही समजत होतों. ते ऐकणाऱ्याला आवरण्यासाठीं आहेत, हें त्या अंगणांत कळलें. आपणांस जें ऐकावयाचें असतें तें ऐकूं आलें, कीं माणूस पुढें शोधीत नाहीं. आणि त्या वेळीं आम्ही फिर्यादी, तपासनीस आणि न्यायाधीश एकटेच होतों. या नियमांमुळें कधीं खरा चोरही सुटत असेल, आणि तें आम्हांस आजही बोचतें. परंतु बैठकींत कोणी ‘त्यानें कबूल केलें होतें ना?’ असें म्हटलें, कीं आम्ही आतां सुस्कारा टाकीत नाहीं. कबुली कोणाजवळ दिली, आणि तिच्या बदल्यांत त्याला काय मिळणार होतें, एवढें विचारतों.