हिमदव न पडणाऱ्या गावी

श्रावणात पेणच्या एखाद्या मूर्तिकाराच्या कारखान्यात डोकवावे. मूर्ती घडवण्यापेक्षा ती वाळवण्याचीच काळजी तिथे अधिक दिसेल. हवाच तशी ओली. तिथून रेल्वेने पुढे रोह्याला, कुंडलिकेच्या काठी, नेमक्या याच हवेत आमच्या मामांनी ऑस्ट्रेलियाची झुडपे लावण्याचा घाट घातला.

उटीच्या रोपवाटिकेतून ग्रेव्हिलियाची दोन रोपे आणि एक बॉटलब्रश आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'फ्रॉस्ट सोसते'. फ्रॉस्ट म्हणजे हिमदव, गोठलेले दव, असे मामा येणाऱ्याजाणाऱ्याला समजावीत. त्यापायी मामीचा अबोलीचा वाफा गेला.

"इथे पौषात एक गोधडी पुरते. हिमदव कुठून आणणार तुम्ही?" एवढेच ती म्हणाली.

खरेच होते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी एखाद्या हिवाळ्यात पहाटे दव गोठते, उटीलाही गोठते. रोह्याला ते ठाऊक नाही. शिवाय ही सोशिकता बारमाही नसते. थंडी हळूहळू वाढत गेली, म्हणजेच झाडाच्या पेशी साखर साठवून गोठण्याला तोंड द्यायला सिद्ध होतात.

रोह्याची परीक्षा पावसाची! चार महिन्यांत शंभर इंचांवर पाणी. ग्रेव्हिलियाला निकस, निचऱ्याची जमीन हवी. तिची बारीक मुळे झुबक्यांनी वाढून मातीतले थोडके स्फुरद वेचतात. मामांनी मायेने हाडांची भुकटी घातली. अल्पाहारी पाहुण्याला पंक्तीचा आग्रहच तो. जुलैत पाणी तुंबले, मुळांची हवा कोंडली आणि गणपती येण्याआधी दोन्ही रोपे गेली. मामा दोन दिवस अंगणात उतरले नाहीत.

बॉटलब्रश मात्र तगला. तो पूर्व ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा, पाय ओले ठेवण्याची सवय असलेला. आणि घरामागच्या टेकडीवर तर ऑस्ट्रेलियन बाभूळ कुणी न पुसता माजलेली! सामाजिक वनीकरणात कोकणभर लावली गेली ती हीच. तिची कोयत्यासारखी पाने म्हणजे खरे तर चपटे झालेले देठ. तिचे माहेर उत्तर ऑस्ट्रेलिया, जिथे आपल्यासारखाच मोसमी पाऊस पडतो. हिमदव तिला मुळीच सोसत नाही.

हे सांगितले, तेव्हा मामांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

गेल्या फाल्गुनात गेलो, तर ग्रेव्हिलियाच्या जागी अबोली परतली होती. बॉटलब्रशला तांबडे झुबके लटकत होते, आणि त्यावर आलेले शिंजीर दाखवायला मामीच मामांना हाका मारीत होती.