झिजलेला हिंदुस्थान

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. वडील निजामी अमदानीत तहसिलीत दफ्तरी होते. मिसली टाचणे, जमाबंदीच्या वह्यांना पुठ्ठे चढविणे आणि वाळवीने खाल्लेल्या कागदांना पाठीमागून मलमलीचे अस्तर लावून ते पुन्हा हाताळण्याजोगे करणे, हे त्यांचे काम. सप्टेंबर १९४८ मध्ये ती अमदानी संपली आणि यथावकाश कचेरीची भाषाही बदलली. परंतु खळीचे भांडे, हाडाची पट्टी आणि रापी यांना बदलण्याचे काही कारण पडले नाही, म्हणून ती हत्यारे वारशाने माझ्याकडे आली. जुने पृथ्वीगोल जमविण्याचा नाद मात्र वारशाचा नव्हे. तो याच धंद्यातून, पण आडवाटेने लागला.

आमच्या भागातील एका शाळेने जडवस्तुसंग्रहाची नोंदवही बांधावयास दिली होती. वही बांधणाऱ्याने ती वाचू नये असा दंडक आहे. तो मी कधीच पाळला नाही. तीत एका पानावर ‘पृथ्वीचा गोल, नग १, मोडका’ अशी नोंद आणि पुढे तांबड्या शाईने ‘निर्लेखनास पात्र’ असा शेरा होता. अवघी पृथ्वी एका ओळीत निकालात काढणाऱ्या त्या लिपिकाविषयी मला कौतुक वाटले, आणि वही पोहोचती करताना मी तो गोल पाहावयास मागितला. मोडक्या बाकांच्या अडगळीत, एका पायावर तिरका उभा असा तो सापडला. धूळ फुंकून, कोणीही मनुष्य प्रथम जेथे पाहील तेथेच मी पाहिले, तर तेथे हिंदुस्थान नव्हता. सिंधपासून बंगालपर्यंत कागद पार उडालेला, आणि त्याखालचे पांढरे अस्तर घोटून काढल्यासारखे चकचकीत झालेले. ऑस्ट्रेलिया कालच छापल्यासारखा कोरा करकरीत होता, ग्रीनलंडला तर कोणाचा नखाचाही स्पर्श झालेला नव्हता. मग हिंदुस्थानालाच ही कसर लागावी कशी, असा विचार करीत मी सहज त्या जागी तर्जनी टेकवली, आणि उत्तर बोटालाच मिळाले. ‘आपण कोठे आहोत?’ या गुरुजींच्या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोरांनी जे उत्तर दिले होते, त्या उत्तराने तो देश पुसून टाकला होता. लिलावात त्या गोलावर माझ्याखेरीज कोणी बोली लावली नाही.

त्यानंतर चाळीस वर्षे होत आली. हैदराबादच्या जुमेरात बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि बहुशः शाळांच्या माळ्यांवर मिळालेले एकोणीस गोल आज माझ्या घरी आहेत, आणि त्याहून कितीतरी अधिक दुरुस्त होऊन नांदेड, संभाजीनगर, पुणे येथील दिवाणखान्यांत गेले आहेत. जुमेरात बाजारातून पहिला गोल आणला तेव्हा पूर्णेहून हिंगोलीस येणारा लोहमार्ग अद्याप मीटरगेज होता. धोतरात गुंडाळलेला तो गोल मांडीवर घेऊन मी बसलो असता समोरच्या एका वारकरी आजीबाईंनी ‘भोपळा केवढ्याला दिला रे बाबा?’ म्हणून विचारले. आणि धोतर सोडून दाखविल्यावर, क्षणभर न्याहाळून, ‘यात नरसी दाखीव’ अशी आज्ञा केली. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी हिंगोलीपासून हाकेच्या अंतरावर. पण बारा इंची गोलावर एका सेंटिमीटरात सुमारे चारशे अठरा किलोमीटर मावतात, त्यामुळे आमचा सबंध जिल्हा तेथे तिळाएवढासुद्धा भरत नाही. मी बोट ठेवले. आजीबाईंनी त्यावर आपले बोट ठेवले. पंजाबातील घुमान, जेथपर्यंत नामदेव गेले, ते त्या बोटापासून जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरांवर होते.

आता थोडे कारागिरीविषयी. जुना गोल हा कागदाचा असतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. साच्यावर रद्दी कागदाचा लगदा थापून दोन अर्धगोल करावयाचे, ते जोडून वर खडू-सरसाचे किंवा प्लास्टरचे गुळगुळीत लेपन द्यावयाचे, आणि त्यावर सपाट कागदावर छापलेला नकाशा बहुधा बारा कळ्यांत कापून चिकटवावयाचा. मी कळ्या म्हणतो, कारण घेरदार अंगरख्याला शिंपी ज्या घालतो त्यांच्याशी यांचे रूप तंतोतंत जुळते: मध्ये रुंद, दोन्ही टोकांस निमुळत्या. बारा इंची गोलाची प्रत्येक कळी विषुववृत्तावर आठ सेंटिमीटर रुंद आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर लांब असते. खरी मेख पुढे आहे. खळ लागली की कागद फुगतो, आणि सर्व दिशांनी सारखा फुगत नाही. तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेला कमी आणि आडवा अधिक. म्हणून नकाशा खोदणाऱ्याला कळी किंचित लहानच आखावी लागे, म्हणजे ओली होऊन ती आपल्या मापास येई. हा अंदाज चुकला तर आफ्रिकेच्या दोन तुकड्यांत फट तरी पडावयाची, नाही तर एकाच नदीची दोन मुखे दिसावयाची. वहीचा पुठ्ठा वाकला तर पुन्हा दाबात ठेवता येतो. पृथ्वीला दाबात ठेवण्याची सोय नाही.

ठिगळाची अडचण याहून नाजूक. सपाट कागद वाटोळ्या वस्तूवर बसत नाही, सुरकुततो. तो केवढा घ्यावा म्हणजे सुरकुतणार नाही, हे मला चुकत-माकतच कळले. माप एक सेंटिमीटराच्या आतबाहेर निघाले. पुढे भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा गोलाध्याय सटीप वाचावयास मिळाला, तेव्हा मी थक्क झालो. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला १९५० चा नव्हे, ११५० चा तो ग्रंथकार असे उत्तर देतो की परिघाचा शतांश हा सपाटच भासतो, आणि पृथ्वीपुढे मनुष्य तर अतिशय लहान. माझ्या बारा इंची गोलाचा परिघ शहाण्णव सेंटिमीटर. त्याचा शतांश म्हणजे माझे ठिगळ! आचार्यांनी दृष्टीविषयी सांगितलेले सूत्र खळीच्या भांड्यापाशीही खरे ठरते, याचा आनंद मी अजून कोणा ग्राहकाला समजावून देऊ शकलेलो नाही. त्याच ग्रंथात बांबूच्या कामट्यांचा खगोल बांधण्याचा विधीही आहे, तेव्हा ही विद्या आमच्या हातांस अगदीच परकी म्हणता येणार नाही.

खळीत मोरचूद घालण्याची वडिलांची पद्धत मी सोडून दिली. मोरचुदाने कसर दूर राहते खरी, परंतु कालांतराने तो कागदालाच करपवतो. त्यापेक्षा बैठकीच्या खाचेत वेखंडाची पुरचुंडी ठेवलेली बरी.

एक प्रमाद येथे कबूल केलाच पाहिजे. जुन्या गोलावरील रोगण वयाने पिवळे पडते आणि त्याखालचा निळा समुद्र हिरवट-तपकिरी दिसू लागतो. एका गोलाचा असा मळकट समुद्र मला पाहवेना, म्हणून कोपऱ्यात परीक्षा न घेताच मी स्पिरिटाने रोगण काढले आणि राहिलेला डाग ओल्या कापसाने पुसावयास गेलो. तो रंग छापील नव्हता, हाताने दिलेला पाण्याचा रंग होता. हां हां म्हणता पॅसिफिक महासागर कापसाच्या बोळ्यावर आला. तेव्हापासून दक्षिण ध्रुवापाशी, कड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढा ओलावा लावून पाहिल्यावाचून मी कोणत्याही गोलाला पाणी दाखवीत नाही. आणि पिवळा समुद्र पिवळाच ठेवतो.

गोलाचे वय काढणे हे त्यामानाने सुखाचे काम, कारण त्यात दफ्तरीपणा उपयोगी पडतो. लंडनचे फिलिप किंवा एडिंबराचे जॉन्स्टन यांची नाममुद्रा असली तरी साल बहुधा दिलेले नसते, कारण शिळी पृथ्वी कोणी विकत घेत नाही हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. अशा वेळी गावांची जबानी घ्यावी. माझ्या पहिल्या गोलावर ‘ओस्लो’ आहे, म्हणजे तो १९२५ पूर्वीचा नव्हे, कारण त्याआधी त्या नगरीस क्रिस्तियानिया म्हणत; आणि ‘कॉन्स्टँटिनोपल’ही आहे, जे १९३० मध्ये इस्तंबूल झाले. इराणच्या जागी ‘पर्शिया’ असल्याने १९३५ ची साक्षही या रुजुवातीच्या विरुद्ध जात नाही. दुसऱ्या एकावर ब्रह्मदेश हिंदुस्थानाहून निराळ्या रंगाचा, म्हणजे १९३७ नंतरचा. तिसऱ्यावर पूर्व पाकिस्तान, म्हणजे १९४७ ते १९७१ या चोवीस वर्षांतला. मात्र कारखानदार जुन्या कळ्या संपेपर्यंत नव्या छापीत नसत, म्हणून या साक्षींना दोनचार वर्षांची सूट द्यावी लागते. हिंगोलीपुरते पाहिले, तर आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला, आणि त्याची नोंद घेण्याइतका मोठा गोल माझ्या दुकानात अद्याप आलेला नाही.

शिळेपणाला हसू नये, हे मात्र मी ग्राहकांना आग्रहाने सांगतो. न्यूरेंबर्गला मार्टिन बेहाइमने १४९२ मध्ये केलेल्या गोलावर अमेरिका नाही, कारण कोलंबस अजून परतलेला नव्हता. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात क्षेमकर्ण नामक आपल्याकडील कारागिराने १५७१ मध्ये घडविलेला पितळी ‘भूगोल’ आहे. त्यावर मेरू पर्वत आणि पुराणांतील द्वीपे आहेत, आणि तो मध्यावर डब्यासारखा उघडतो. दिवाणखान्यात बाटल्या ठेवण्यासाठी जे इटालियन धर्तीचे उघडते गोल हल्ली मागविले जातात त्यांच्यावर मी पूर्वी फार तोंड टाकीत असे. क्षेमकर्णाचा डबा कळल्यापासून आवाज खाली आणला आहे.

आपल्या भाषेचाही या गोलाशी जुना ऋणानुबंध आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक रचले, त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते. हात पाहणाऱ्या स्त्रीच्या तोंडी खंडे, देश आणि समुद्र घालण्याची कल्पना ज्या राजाला सुचली, त्याला अध्यापनाचे मर्म कोणत्याही शिक्षणखात्याहून अधिक कळले होते असे माझे मत आहे. पुढे भोपाळनजीक सिहोर येथे सुबाजी बापू या पंडितांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ लिहून पुराणांचा सपाट भूलोक बाजूस सारला आणि आपल्याच ज्योतिषसिद्धान्तांच्या आधारे नव्या खगोलाला वाट करून दिली.

आता ज्यांना दिवाणखान्यात गोल ठेवावयाचा आहे त्यांच्यासाठी चार शब्द. बाजारात ‘अँटिक’ म्हणून जे चहाच्या रंगाचे, देवमाशांची चित्रे असलेले गोल मिळतात, ते पुष्कळदा मुरादाबाद-रुडकीकडचे नवे कोरे असतात. त्यांचा तपकिरी रंग सर्वत्र सारखा असतो, आणि काळ कधीच सारखा काम करीत नाही. खरा गोल कड्याशी घासलेला, वरच्या अर्धात धुळीने काळवंडलेला, खाली उजळ असतो. काही जुन्या इंग्रजी गोलांत तोल साधण्यासाठी शिशाच्या छर्‍यांची थैली ठेवलेली असे, ती फुटली की हलवताना आत खुळखुळते. त्या आवाजाने सौदा मोडू नये. खिडकीशी गोल ठेवू नये, कारण मराठवाड्याचे ऊन निळा आणि तांबडा रंग दोन उन्हाळ्यांत खाते, आणि चैत्र-वैशाखातील कोरडेपणानंतर आषाढाची ओल लागली की प्लास्टरला तडा जाऊन कळ्या उकलतात.

आणि ग्राहक हटकून एक मागणी करतात: ‘तेवढा भारत रंगवून द्या.’ मी देत नाही. यावरून दोन गिऱ्हाइके रागावून गेली आहेत. झिजलेली कड आणखी उचलू नये इतपत ती बसवून देतो, ठिगळ लावायचे ते अन्यत्र लावतो. पण तेथे हात घालीत नाही. माझ्या पहिल्या गोलावर हिंगोलीची जागा सांगता येत नसली तरी पॅसिफिकात छापलेली, आठाच्या इंग्रजी आकड्यासारखी आकृती शाबूत आहे, आणि तिच्यावरून सूर्य कोणत्या दिवशी कोणत्या अक्षांशावर डोक्यावर येतो ते वाचता येते. हिंगोलीचा अक्षांश १९ अंश ४३ कला. त्याप्रमाणे मेच्या १९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या २५ च्या सुमारास भर दुपारी येथे सावली पायाखाली जाते. मेमधली मी दरवर्षी दुकानासमोर उभा राहून पाहतो. जुलैमधली ढगांमुळे क्वचितच दिसते.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा या पाचही तालुक्यांतील मुख्याध्यापकांस विनंती आहे, की निर्लेखनाच्या यादीत गोल आढळल्यास लिलावापूर्वी त्यावरील नाममुद्रा वाचून नोंदवहीत उतरून घ्यावी, तो कपाटावर सावलीत ठेवावा, आणि स्वच्छतेच्या उत्साहात ओल्या फडक्याने पुसू नये.