वैजनाथापासून जोगाईपर्यंत

बीड जिल्ह्याचे नाव पुण्यामुंबईकडच्या घरांत निघते ते बहुधा दोनच निमित्तांनी. एक दुष्काळ आणि दुसरे ऊसतोडीचे मजूर. सहलीस जाण्याजोगा जिल्हा म्हणून कोणी त्याचे नाव सुचवले तर ऐकणारा प्रथम हसतो. आम्ही आमचा बेत घरी सांगितला तेव्हाही हसूच उठले. परंतु दोनतीन दिवसांची सवड, चार जिवाभावाचे स्नेही आणि धड अवस्थेतल्या सायकली एवढे भांडवल ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी परळी ते अंबाजोगाई हा प्रवास अवश्य करावा, असे आता आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आमची मंडळी पाच. एक डॉक्टर, एक वकील, एक इतिहासाचे प्राध्यापक, शाळेत मराठी शिकवणाऱ्या आमच्या मास्तरीणबाई आणि हिशेब राखण्यासाठी प्रस्तुत लेखक. कॉलेजपासूनची ही ओळख. मात्र लग्ने, मुले, बदल्या यांच्या रगाड्यात एकत्र प्रवासाचा मुहूर्त कित्येक वर्षे टळत गेला होता. अखेरीस मार्गशीर्षात तो साधला. आगगाडीने परळीपर्यंत, सायकली सामानाच्या डब्यात आणि तेथून पुढे पायांच्या बळावर, असा क्रम ठरला.

परळीचे वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. झारखंडातले देवघरही हा मान आपलाच म्हणते. पण महाराष्ट्राने आपला कौल केव्हाच परळीस दिला आहे. देऊळ उंचावर असून रुंद पायऱ्या चढून जावे लागते. त्याचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. येथे भाविकास शिवलिंगास स्वहस्ते स्पर्श करता येतो, ही या क्षेत्राची विशेष गोष्ट. पहाटेच्या थंडीत दर्शन आटोपून बाहेर आलो तो डॉक्टर म्हणाले, “वैद्यांचा नाथ तो हा. फी न घेता तपासू देतो!”

गावाबाहेर औष्णिक वीज केंद्राची धुराडी दृष्टीस पडतात. १९७१ पासून येथे वीज निघू लागली. परंतु २०१५ साली पाणीच न उरल्यामुळे ते बंद ठेवावे लागले होते. कोळसा लांबून आणता येतो, यंत्रे विकत घेता येतात, पण या मुलुखात शेवटचा शब्द पाण्याचा, हे त्यावरून ध्यानात येते.

परळीहून अंबाजोगाई सुमारे २५ किलोमीटर. कन्हेरवाडी सोडल्यावर घाट लागतो आणि रस्ता बालाघाटाच्या पठारावर चढू लागतो. वाटेत वकिलांच्या सायकलीने एकदा हवा सोडली आणि चढावर प्राध्यापकांनी स्वतःची. तेवढ्या विसाव्यात प्राध्यापकांनी आम्हांस या रस्त्याची कथा सांगितली. ती अशी: योगेश्वरी ही मूळची कोकणची. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले, वऱ्हाड निघाले. पण मुहूर्ताची वेळ टळली आणि वऱ्हाडी मंडळी जागच्या जागी शिळा होऊन राहिली. नवरा परळीत राहिला, नवरी अंब्यास राहिली. आणि देवी आजही कुमारिका मानली जाते. म्हणजे आम्ही सायकलींवरून चढत होतो तो रस्ता नवरदेव आणि नवरी यांच्यामधला! “एवढ्याशा अंतरासाठी लग्न मोडले?” असे वकील म्हणाले, परंतु पुढचा चढ पाहून त्यांनी तो प्रश्न मागे घेतला.

पठारावर आल्यावर हवा पालटली. दोन्ही बाजूंस तुरीची शेते पिवळी झालेली, शाळू गुडघ्याएवढा आणि मधूनमधून हरभरा. रस्त्याकाठच्या एका वस्तीवर पाणी मागण्यासाठी थांबलो. दहापंधरा घरांपैकी निम्म्यांहून अधिक घरांना कुलपे होती. एका ओट्यावर एक आजीबाई तूर निवडीत बसल्या होत्या. “कुठून आलाव बाबांनो? सायकलीवर? गाडी न्हाई का मिळाली?” असे त्यांनी विचारले व आत हाक मारून पाणी आणविले. पाणी घेऊन आली ती पंधरासोळा वर्षांची त्यांची नात. आईबाप दसऱ्यानंतर उसाला गेले, ते आता उन्हाळ्यातच परतणार.

ऊसतोडीचा हिशेब त्या आजींकडून आम्हांस प्रथमच नीट कळला. या धंद्यात माणूस एकेकटा मोजला जात नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. म्हणून मुलगा कामाला आला की कोयता पुरा करण्याची घाई होते, आणि मुलगी मोठी दिसू लागली की तिला कोणाच्या भरवशावर घरी ठेवावे ही चिंता पडते. कायदा अठरा वर्षांचा आहे खरा. परंतु हंगाम त्यासाठी थांबत नाही. “हिची बी मागणी आली व्हती,” आजी नातीकडे न पाहता म्हणाल्या, “पर म्या म्हनलं, म्या हाय तवर न्हाई.” मुलगी दारातूनच म्हणाली, “दहावी हाय माझी.”

मास्तरीणबाईंनी तिला कोणता विषय अवघड जातो ते विचारले. उत्तर आले, “भूमिती.” मग ओट्यावरच अर्धा तास वर्तुळाचे धडे झाले. आम्ही चौघे बाजूला तूर निवडीत बसलो. उठताना डॉक्टरांनी आजींची नाडी पाहिली आणि आजींनी आमच्या पिशवीत ओंजळभर शेंगा घातल्या.

दुपार कलताना अंबाजोगाईत पोहोचलो. निजामशाहीत या गावास मोमिनाबाद म्हणत. हैदराबाद संस्थानच्या कंटिन्जंट फौजेच्या घोडदळाची छावणी येथे होती. गावाची चाल अजून शांत आहे. सायकलवरून हिंडण्यास याहून सोयीचे गाव आम्ही पाहिले नाही.

योगेश्वरीचे देऊळ जयवंती नदीच्या काठी. मार्गशीर्षातला उत्सव चालू असल्यामुळे गर्दी होती व तीत कोकणस्थ आडनावांची रेलचेल. कारण कित्येक चित्पावन घराण्यांची ही कुलदेवता. समुद्रकाठच्या लोकांची कुलदेवता मराठवाड्याच्या पठारावर कशी, हा प्रश्न वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी निघाला असेल. परंपरा सांगते ती गोष्ट मोठी गोड आहे. परशुरामाने कोकणात वसविलेल्या तरुणांसाठी अंब्याच्या मुली मागितल्या. मुलींच्या माहेरच्यांनी अट घातली, की मुली देऊ, पण आमची योगेश्वरी ही तुमची कुलदेवता झाली पाहिजे. अट मान्य झाली, आणि मुलींबरोबर देवीही सह्याद्री उतरून कोकणात गेली.

घाटातली कथा देवीला कोकणातून अंब्यास आणते. ही कथा तिला अंब्याहून कोकणात पोहोचविते. दोहोंत खरी कोणती, याचा निवाडा वकिलांकडे सोपविला तर त्यांनी तारीख पुढे ढकलली. मास्तरीणबाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, “मला दुसरी पटते. परमुलखात निघालेल्या मुलींच्या बाजूने कोणीतरी अट घातली होती, एवढे तिच्यात आहे.” त्या वेळी त्यांच्या मनात ओट्यावरची ती आजी असावी. आमच्या तर होतीच.

गावालगत, जयवंतीच्याच काठी, खडकात कोरलेली लेणी आहेत. लोक त्यांना हत्तीखाना म्हणतात. अंगणात मोठाले दगडी हत्ती उभे आहेत, नंदीसाठी मंडप आहे, आणि आत खांबांच्या ओळी असलेले विस्तीर्ण दालन आहे. याचे दुसरे नाव जोगाईचा मांडव. न झालेल्या लग्नाचा हा मांडव आणि हे वऱ्हाडाचे हत्ती, अशी लोकांनी त्याची संगती लावली आहे. संध्याकाळच्या उन्हात त्या हत्तींच्या पाठी तापलेल्या होत्या. त्यांवर हात ठेवला असता दगड आहे असे क्षणभर वाटेना.

दुसरा दिवस गावातल्या जुन्या देवळांसाठी ठेवला होता. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा ब्राह्मण सेनापती खोलेश्वर याने हे नगर भूषविले. बाराखांबी म्हणून ओळखले जाणारे सकळेश्वराचे देऊळ त्याच्याच काळचे. खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजरातच्या स्वारीत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ येथे देवालय बांधविले, असे १२४० सालचा शिलालेख सांगतो. सेनापतींची नावे इतिहासात पुष्कळ असतात. बहिणीने भावासाठी केलेले काम दगडावर कोरून राहिलेले क्वचितच सापडते.

अंब्याचे दुसरे वैभव मराठी भाषेचे. दासोपंतांची समाधी येथेच आहे. शके १४७३ मध्ये जन्मलेला हा दत्तभक्त एकनाथांचा समकालीन. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा असल्याचे परंपरा सांगते. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागे, अशीही आख्यायिका आहे. कागद पुरेना म्हणूनच की काय, त्यांनी सुमारे चोवीस हात लांब व अडीच हात रुंद अशा जाड कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. हीच प्रसिद्ध पासोडी. पांघरण्याच्या वस्त्रावर वेदान्त लिहिणारा दुसरा ग्रंथकार आमच्या ऐकिवात नाही. हिशेबनीस या नात्याने आम्ही त्या शाईचा खर्च मांडू पाहिला, तेव्हा प्राध्यापकांनी आम्हांस आवरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदराजांच्या समाधीकडे गेलो. बालाघाटाच्या कुशीतले हे स्थान फार रम्य आहे. दरीतून वारा वर येतो आणि पक्ष्यांवाचून आवाज नसतो. ‘विवेकसिंधू’ हा शके १११० मधला, म्हणजे ज्ञानेश्वरीपूर्वी सुमारे शंभर वर्षांचा ग्रंथ, अशी मान्यता असल्याने मुकुंदराजांस आद्यकवी म्हणतात. या तारखेविषयी विद्वानांत वाद आहे, आणि कवीचे स्थान विदर्भात वैनगंगेकाठच्या अंभोऱ्यास होते असाही एक पक्ष आहे. परंतु अंब्याच्या लोकांनी आपला कवी जपला आहे. कथा अशी, की जैतपाळ राजास घोड्यावर चढण्याइतक्या अवधीत ब्रह्मसाक्षात्कार हवा होता, आणि ज्या साधूंना तो करविता आला नाही त्यांस त्याने खणतीच्या कामास जुंपले. मुकुंदराज भेटले तेव्हा ते सुटले. परतीच्या चढावर पायटा मारताना आमच्यापैकी कोणासही साक्षात्कार झाला नाही. धाप मात्र सर्वांस लागली.

परतताना योगेश्वरी शिक्षणसंस्थेच्या शाळेवरून आलो. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षण उर्दूतून असे. त्या काळी मराठी मुलांना त्यांच्या भाषेत शिकविणे हे राजकारणाइतकेच धाडसाचे काम होते. १९३५ च्या सुमारास स्वामी रामानंद तीर्थ व बाबासाहेब परांजपे यांनी येथे ते हाती घेतले. पुढे याच स्वामीजींनी हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयास आज त्यांचेच नाव आहे.

शाळेसमोर मास्तरीणबाईंनी सायकल थांबविली आणि जवळच्या पुस्तकांच्या दुकानातून दहावीचा भूमितीचा सरावसंच व कंपासपेटी घेतली. मजुरांच्या मुलांसाठी जिल्ह्यात हंगामी वसतिगृहे चालतात. ती जेथे नीट चालतात तेथे मुले फडावर न जाता शाळेत टिकतात, असे दुकानदार सांगत होते. जेथे ती नाहीत तेथे सारी भिस्त अशा एखाद्या आजीवर. घाट उतरण्यापूर्वी त्या वस्तीवर पुन्हा थांबलो. मुलगी शाळेत गेली होती. वस्तू आजींच्या हाती दिल्या. त्यांनी कंपासपेटी उघडून पाहिली व पदराला पुसून फडताळात ठेवली.

असो. जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. चढ परळीकडून असल्याने तो सकाळी चढावा. परतीस सायकल आपणच धावते. या दिवसांत उसाच्या व इतर मालाच्या जड गाड्या रस्त्यावर फार, तेव्हा अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. ज्यांची कुलदेवता योगेश्वरी आहे अशी मंडळी मोटारीने येतात, ओटी भरतात आणि संध्याकाळी निघून जातात. त्यांनी एक दिवस अधिक काढून मांडव पाहावा, पासोडीची चौकशी करावी आणि पठारावरच्या एखाद्या वस्तीवर पाणी मागावे. पाणी थोडे असले तरी ते मिळते, असा आमचा अनुभव आहे.