छताखालच्या व्हेनिसमध्ये

लास व्हेगास हे नेवाडाच्या वाळवंटातले शहर. वर्षाकाठी येथे जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. जानेवारीच्या पूर्वार्धात सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन भरते, तेव्हा लाखाहून अधिक माणसे या शहरात उतरतात. प्रदर्शनाचा एक मोठा भाग ‘द व्हेनेशियन’ या हॉटेलाला जोडलेल्या दालनांत असतो. कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला तेथे कामासाठी जायचे होते. तिने नानांना आणि मला सोबत घेतले. आमचे वडील तेव्हा 78 वर्षांचे होते. मधुमेह जुना होता आणि विडीचे व्यसन साठीत सुटलेले.

या वास्तूचा नकाशा समजून घ्यायचा तर तिचा इतिहास जाणावा लागतो. संगणकांचे ‘कॉमडेक्स’ प्रदर्शन 1979 मध्ये सुरू करणारे शेल्डन ॲडेलसन यांनी येथे आधी प्रदर्शनाची दालने बांधली आणि नंतर, 1999 मध्ये, हॉटेल उघडले. शेजारचे ‘पलाझो’ धरले तर खोल्यांची संख्या सात हजारांच्या घरात जाते. थोडक्यात, हे हॉटेल म्हणजे एक लहानसे गावच आहे आणि या गावाचे रस्ते छताखालून जातात.

लिफ्ट खाली येते ती कॅसिनोपाशी. प्रदर्शनाकडे निघालेले आणि प्रदर्शनातून परतणारे असे दोन लोंढे तेथे समोरासमोर येतात. नेवाडाच्या कायद्याने कॅसिनोत धूम्रपानाला मुभा आहे. त्यामुळे दम्याच्या रुग्णाने श्वासाचा पंप खोलीत न ठेवता खिशातच ठेवावा. पुढच्या भव्य मार्गिकेतील संगमरवरी फरशीवर घनाकृतींची नक्षी आहे. ती इतकी हुबेहूब उठून दिसते, की मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना सपाट जमिनीवर पायऱ्यांचा भास व्हावा. खोल्यांमध्ये बैठकीची जागा दोन-तीन पायऱ्या खाली असते. रात्री लघवीसाठी उठणाऱ्या वृद्धाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे. आम्ही पायऱ्यांच्या कडेशी एक दिवा रात्रभर चालू ठेवत असू.

वरच्या मजल्यावर व्हेनिसचा कालवा आहे. त्यात खऱ्या पाण्यावर नावा चालतात आणि वर छतावर रंगवलेले आकाश असते. तेथे ना दुपार होते ना रात्र. भारतापेक्षा साडेतेरा तास मागे असलेल्या घड्याळात हे न मावळणारे आकाश मिसळले, की जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा हमखास चुकतात. आम्ही नानांच्या मोबाइलवर गजर लावून ठेवले होते.

याच कालव्याकाठी नाना दुकानांच्या काचांपुढे थांबू लागले. एका काचेपुढे चामड्याच्या पिशव्या, दुसरीपुढे अत्तरे, तिसरीपुढे बायकांची पादत्राणे. बहीण कौतुकाने म्हणाली, “नानांना अखेर खरेदीची हौस आली!” मी मात्र मनाशी पावले मोजू लागलो. दर दीडशे-दोनशे पावलांनंतर ते थांबत, दोन-तीन मिनिटे उभे राहत आणि मग पुन्हा चालू लागत. पाहत होते काचेकडे, पण हात नकळत उजव्या पोटरीकडे जात होता.

“नाना, पोटरी भरून येते का?”

“अरे, वय झालं. तुमचा खोळंबा नको.”

जर्मन भाषेत या आजाराचे नावच ‘दुकानाच्या काचेचा आजार’ असे आहे. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या, की चालताना पोटरीला रक्त पुरत नाही. दुखू लागते आणि उभे राहिले की थांबते. कण्याच्या आजारात बहुधा बसल्यावर किंवा वाकल्यावर आराम पडतो, इथे नुसते उभे राहणे पुरते. खोलीवर मी त्यांच्या पावलांची नाडी पाहिली. डावीकडे ती स्पष्ट लागली, उजवीकडे जेमतेम. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहण्याची साधी चाचणी परतल्यावर केली. हे गुणोत्तर 0.9 पेक्षा कमी असणे हा रोहिण्या अरुंद झाल्याचा पुरावा समजतात. नानांच्या उजव्या पायाचे 0.7 आले. ज्यांच्या पायाच्या रोहिण्या अशा असतात त्यांच्या हृदयालाही धोका असतो, म्हणून हे निदान मोलाचे.

हॉटेलातले उरलेले दोन दिवस आम्ही वेगळ्या रीतीने काढले. व्हीलचेअरला नानांनी ठाम नकार दिला. मग मीच आधी फिरून बाकांच्या जागा हेरल्या आणि मार्ग त्या बाकांवरून आखला. लोंढ्याची वेळ, म्हणजे सकाळी दालने उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना, आम्ही टाळली. त्यांच्या खिशात हॉटेलचे नाव, खोली क्रमांक, बहिणीचा दूरध्वनी आणि औषधांची यादी लिहिलेले कार्ड ठेवले. कोरड्या हवेत तहान कळत नाही, म्हणून प्रत्येक बाकावर चार घोट पाणी.

आपल्याकडील लग्नाचे कार्यालय असो, विमानतळ असो वा मोठा मॉल, घरातले ज्येष्ठ वारंवार ‘काही पाहायला’ थांबत असतील, तर त्यांची नजर कुठे आहे यापेक्षा हात कुठे जातो ते पाहावे. रात्री झोपेतही पाय दुखणे किंवा पावलावरील जखम न भरणे ही लगेच डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणे आहेत. पाय अचानक गार आणि पांढरा पडला, तर तासभरही थांबू नये.

नाना आता औषधांबरोबर रोज ठरवून चालतात: दुखेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे. या आजारात हाच व्यायाम उपचार असतो. थांबण्यासाठी त्यांना आता काचेचे निमित्त लागत नाही.