दोन पित्यांची हाक

गाझियाबादहून पूर्वेकडे गेले की गंगाकाठी गढमुक्तेश्वर लागते. २०११ पर्यंत हे तीर्थ गाझियाबाद जिल्ह्यात होते. आता ते हापूड जिल्ह्यात आहे. तेथील प्रवाह पाहताना मला महाभारतातील शंतनू आठवतो आणि त्याच्याबरोबर ग्रीक पुराणकथेतील राजा पेलेउसही.

दोघांनीही जलदेवतेशी विवाह केला. गंगेने सात नवजात पुत्र नदीत बुडवले. आठव्याच्या वेळी शंतनूने तिला अडवले. समुद्रकन्या थेटिस रात्री बाळ अकिलीजला विस्तवात धरी. ते पाहताच पेलेउस ओरडला. दोघीही पतींना सोडून गेल्या.

कथा जुळ्या भासतात. परंतु तौलनिक अभ्यास साम्यापाशी थांबत नाही. थेटिसला मुलातील मर्त्य अंश जाळून त्याला अमर करायचे होते. गंगेला मात्र शापित वसूंना मर्त्य जन्मातून सोडवायचे होते. एकीला मृत्यू शत्रू वाटला, दुसरीला मुक्तीचे द्वार. पुढे अकिलीज तरुणपणीच रणात पडला; भीष्मांना दीर्घायुष्य लाभले, पण कुळाचा संहारही पाहावा लागला.

पित्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांना केवळ मूल वाचवायचे होते. मृत्यूचा अर्थ देशोदेशी बदलतो. ती हाक बदलत नाही. म्हणूनच देवतांच्या ज्ञानापेक्षा मला ती हाक अधिक जवळची वाटते.