धरमतरच्या खाडीकाठी सुटीचे वाचन

परीक्षा संपल्या, निकाल हाती आले, शाळांना कुलपे लागली. आता जूनच्या मध्यापर्यंत पाचवी ते आठवीची मुले घरीच असणार. या दिवसांत मुलांनी काय करावे, हा प्रश्न आपल्या घरांत फारसा कोणी विचारत नाही. आई-वडील दोघेही कामावर जातात. थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते. मुलगा उन्हात हिंडतो, नाहीतर मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतो. पेण-हमरापूरकडे गणपतीच्या कारखान्यांत याच दिवसांत कामाची गर्दी असते, काही मुले तिकडे जातात. वर्षाची पुस्तके रद्दीत जातात. मग जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मार्चपर्यंत बरे वाचणारे मूलही अडखळू लागलेले असते.

हे वय फार नाजूक आहे. पाचवी ते आठवीत वाचनाची गोडी लागली तर पुढची जाड पुस्तके मुलाला घाबरवत नाहीत. ती लागली नाही तर नववीत मूल मागच्या बाकावर जाते, दहावीत शाळा सुटते आणि एखाद्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्याचे नाव लागते. अशी किती नावे आपल्या ओळखीची आहेत, ते प्रत्येकाने आपल्या मनाशी मोजावे. शिकवणीला पैसे नसतात हे खरे. पण वाचनाला शिकवणी लागत नाही. पुस्तक लागते, आणि ते का वाचायचे याचे कारण लागते. ते कारण मुलांना दाखवावे म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही वस्तीतली सात मुले घेऊन धरमतरला गेलो.

पेणहून अलिबागच्या एस.टी.त बसलो. वडखळ नाक्यावर गोव्याचा रस्ता सोडून गाडी अलिबागकडे वळते. डोळवीचा पोलादाचा कारखाना मागे पडतो आणि अंबा नदीवरचा धरमतरचा पूल येतो. पाली-जांभूळपाड्याकडून नागोठण्यावरून आलेली अंबा येथे खाडी होऊन पसरते आणि पुढे रेवस-करंजाकडे समुद्राला मिळते. धक्क्याला कोळसा आणि लोखंडाची माती घेऊन बार्ज लागतात. दोन्ही काठांना तिवरांची झाडे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, बिळातून डोकावणाऱ्या चिंबोऱ्या. पलीकडे खारेपाटाची भातशेती, तिला राखणारे मातीचे बांध आणि पाणी सोडण्या-अडवण्याच्या उघाड्या. रायगडात ज्याची ख्याती आहे तो जिताडा याच पाण्यातला.

प्रेक्षणीय स्थळ म्हणून येथे कोणी येत नाही. आमच्या मुलांनीही उतरल्या उतरल्या विचारले, “काका, इथे बघायचं काय?”

तेव्हा झाडाच्या सावलीत बसून आम्ही पिशवीतून बाबासाहेबांचे चरित्र काढले आणि महाडच्या दुसऱ्या परिषदेचा भाग सातवीतल्या एका मुलीला मोठ्याने वाचायला दिला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले, हे आपल्या मुलांना पाठ असते. पुढचा प्रवास मात्र ठाऊक नसतो. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद ठरली. २४ डिसेंबरला बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावच्या बंदरात उतरले. तेथून सारे जण चालत महाडला गेले.

त्या काळी महाडला जायचा सोयीचा मार्ग धरमतरवरून होता. मुंबईची आगबोट येथे लागे आणि उतारू येथून मोटारीने पेण, नागोठणे, महाडकडे जात. दासगावचा मार्ग लांबचा. मुलगी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, “मग बाबासाहेब इथे का नाही उतरले?”

आम्ही उत्तर दिले नाही. पुढे वाच म्हणालो. उत्तर पुढच्याच ओळींत होते. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर धरमतरला उतरलेली माणसे अडकून पडली असती, कारण येथून महाड चालत गाठण्याजोगे नाही. दासगावहून महाड पाच मैलांवर. कोणी गाडी दिली नाही तरी पायी पोचता येते. परिषद उधळली जाऊ नये म्हणून लांबचा मार्ग पत्करला गेला.

मुले गप्प झाली. मग एकाने नकाशा मागितला. जिल्ह्याचा नकाशा आम्ही बरोबर नेला होता. त्यावर धरमतर, पेण, नागोठणे, महाड आणि सावित्री नदीवरचे दासगाव त्यांनी बोटाने जोडले. चरित्रात ‘कुलाबा जिल्हा’ असे नाव येते, ते मुंबईतले कुलाबा समजून एक मुलगा घोटाळला होता. आपल्याच जिल्ह्याचे ते जुने नाव, १९८१ पासून ‘रायगड’ झाले, हे त्याला सांगितले. बघायला काही नसलेल्या त्या धक्क्याकडे मुले आता वेगळ्या नजरेने पाहू लागली. पुस्तकाने हे काम केले.

पूल ओलांडला की पलीकडे पोयनाडचा परिसर लागतो आणि त्याच भागात चरी गाव आहे. तेथील कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायचे नाकारले आणि १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप चालवला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. खारेपाटातली मुले रोज ज्या बांधावरून चालतात त्या बांधाला एवढा इतिहास आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला जागा नसते, असली तर दोन ओळी. म्हणून सुटीत शाळेबाहेरचे पुस्तक हवे.

दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर आम्ही बाबासाहेबांच्याच एका सुटीची गोष्ट वाचली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींच्या छोट्या पुस्तकात ती पहिलीच आहे. मराठी भाषांतर कमी किमतीत मिळते. साल १९०१. कुटुंब साताऱ्याला आणि वडील नोकरीनिमित्त गोरेगावला. वडिलांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत बोलावले. छोटा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि भाचा नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. जात कळताच गाडीवाले नाही म्हणू लागले. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर एक जण तयार झाला. डब्यात जेवण होते, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. रात्र तशीच काढावी लागली.

ऐकणाऱ्यांत एक मुलगा बरोबर नऊ वर्षांचा होता, थोरल्या भावाबरोबर हट्टाने आलेला. त्याने स्वतःची पाण्याची बाटली जवळ ओढून घेतली. हे पुस्तक परदेशात अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठातही विद्यार्थी वाचतात, हे त्याला आम्ही नंतर सांगितले. त्याआधीच ते त्याच्यापर्यंत पोचले होते.

मोठ्या माणसांनीच लिहावे असेही नाही. महात्मा फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे महाडच्या परिषदेचे एक आघाडीचे कार्यकर्ते झाले. ते अकरा वर्षांचे असताना महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि शाळेचे दार उघडायला लावले. सहावीतल्या मुलाला हे सांगून पाहा. पत्रलेखनाचा धडा त्याला पुन्हा कधी कंटाळवाणा वाटणार नाही.

एवढे झाल्यावर आठवीतला एक मुलगा म्हणाला, “काका, आपली पुस्तकं सगळी दुःखाचीच का?”

प्रश्न रास्त होता. आपल्या माणसांचा इतिहास मुलांना कळलाच पाहिजे, पण सुटी ही मुलांची आहे. हसणे, साहस, गंमत यांवर त्यांचाही हक्क आहे. म्हणून पिशवीत इतरही पुस्तके होती. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवरून भलत्याच भानगडीत शिरतो. पाचवी-सहावीचे मूल हे पुस्तक हातातून सोडत नाही. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या मुलीला रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा मिळते, अशी ही खरी हकीकत. पेणहून रोह्याकडे जाणारी गाडी रोज पाहणाऱ्या मुलांना हे डबे लगेच डोळ्यांपुढे आले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’तली एक-दोन व्यक्तिचित्रे सातवी-आठवीला सहज वाचता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. मोबाईल मुलाच्या हातात आहेच, तर त्यावर ‘किशोर’ उघडून द्यावे.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाने फास्टर फेणे उचलला. आम्ही अडवले नाही. पुस्तक मुलाने स्वतः निवडण्यात मोठे बळ आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या गरीब वस्त्यांच्या १७ शाळांत याची पाहणी झाली. पहिली-दुसरीच्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तके मुलांच्याच पसंतीने घरी दिली. ज्यांना पुस्तके मिळाली ती मुले वाचनात इतरांच्या पुढे गेली आणि सर्वांत गरीब घरांतल्या मुलांना अधिक फायदा झाला. २०१० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांना ना शिकवणी होती, ना परीक्षा. फक्त पुस्तके घरी आली होती.

संध्याकाळी भरती चढू लागली. चिखल दिसेनासा झाला, तिवरांची मुळे बुडाली. पौर्णिमा-अमावास्येला उधाण का येते, ते उधाण बांधाला खांड पाडून शेतात का शिरते आणि खारे पाणी शिरलेली जमीन पुन्हा भात द्यायला वेळ का लावते, हे प्रश्न मुलांनी वहीत उतरवून घेतले. उत्तरे त्यांच्याच विज्ञान-भूगोलाच्या पुस्तकांत आहेत. रद्दीत जाण्याआधी ती पुस्तके एकदा उघडली जातील. वैशाख पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या मुलांनी त्या रात्री खाडीही पाहावी, दोन्हींचा चंद्र एकच आहे.

पालकहो, धरमतरलाच गेले पाहिजे असे नाही. प्रत्येक गावाजवळ एखादे तळे, गिरणी, बंदर किंवा रेल्वेचा फाटा असतो आणि कुठल्या ना कुठल्या पुस्तकात त्याचे नाव असते. ते शोधून काढावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आपण दरवर्षी पुस्तके आणतो. तसबिरीशेजारच्या फळीवर ती हारीने लावलेली असतात. या सुटीत ती खाली काढावीत. तालुक्याच्या ग्रंथालयात मुलाचे नाव घालावे, वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाहून फार होत नाही. चार घरांनी मिळून पुस्तके घेतली तर तीच चार घरांत फिरतात.

आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलाने मोठ्याने वाचावे, घराने ऐकावे. आई-वडिलांना वाचता येत नसले तरी ऐकता येते, आणि ऐकणारे कोणी असले की मूल वाचते. बाबासाहेबांच्या वडिलांनी लेकींकडून पैसे उसने आणून पुस्तके घेतली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला आणि पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. वाचणाऱ्या मुलाकडे कोणाचे तरी लक्ष गेले होते.

जूनमध्ये शाळेची नवी वही घेताना मुलाला एवढेच विचारावे की सुटीत काय वाचलेस, त्यातले एक सांग. त्याने दहा मिनिटे न थांबता सांगितले, तर सुटी वाया गेली नाही असे समजावे.